ताई नजर चुकवते

४ मार्च

पोचलो एकदाचे. कॅमेऱ्याची पेटी प्रवासात दोनदा आदळली, पण आत सगळं शाबूत आहे. ताईला आणि मला शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्यात. खिडकीतून धक्का दिसतो, धक्क्याला बांधलेली डाइव्हिंग सेंटरची बोट दिसते आणि दोरीवर वाळत घातलेले काळे सूट दिसतात. लांबून वाटतं, कुणीतरी माणसंच धुऊन टाकलीत.

या खेपेला रोज लिहायचं ठरवलंय. बाटल्या, नटबोल्ट, साबणाच्या वड्या यांचे कॅटलॉगसाठी फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं, आता पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पुस्तक होतंय. प्रवाळातले चिमुकले जीव. गोगलगायी, कोळंब्या, नखाएवढे मासे. सगळं तयार आहे, फक्त मुखपृष्ठ नाही. प्रकाशक बाईंचा हट्ट आहे की मुखपृष्ठावर तांदळाच्या दाण्याएवढा समुद्रघोडाच हवा. तो इथे सापडतो, समुद्री पंख्यावर, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळावर बसलेला, रंगाने आणि अंगावरच्या पुळ्यांनी हुबेहूब त्या पंख्यासारखाच.

फोटो मी काढतो, पण शोधते ताई. चारचौघांत कबूल करत नाही, इथे करायला हरकत नाही. मला पाण्याखाली नाकासमोरचं दिसत नाही. ताईची सगळी नोकरी रक्ताच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. गेल्या वर्षी तडकाफडकी सोडली ती नोकरी, "कंटाळा आला" म्हणाली. भावोजी गेल्यापासून एकटीच असते. मी तिला लोकांत "माझी दुर्बीण" म्हणतो. हसते बिचारी.

जेवायला एक लांबुडका माणूस भेटला. साठीचा असेल. त्याच्या कॅमेऱ्याला दोन बाजूंनी दोन लांब दांडे, त्यांवर दिवे. चालताना अगदी खेकडा. विमा कंपनीत होता म्हणे, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायचा. म्हणजे खोटं पकडण्यात मुरलेला. अशी माणसं खोटं बोलण्यातही तरबेज असतात. त्याने विचारलं, "काय शोधताय?" मी म्हटलं, "काही खास नाही." ताईने मात्र भडाभडा सगळं सांगून टाकलं, समुद्रघोड्यासकट.

५ मार्च

दोनदा पाण्यात उतरलो आणि हात हलवत वर आलो. ताईने मला तीन वेळा बोलावलं. एकदा शेवाळ, एकदा गाळाचा गोळा, एकदा काहीच नाही. गेल्या खेपेला हिने याच प्रवाळाच्या भिंतीवर अर्ध्या तासात माझं मेमरी कार्ड भरवलं होतं!

वर आल्यावर म्हणाली, "पाणी गढूळ होतं रे." पाणी काचेसारखं होतं.

चहा ओततानाही लक्ष नव्हतं, अर्धा चहा बशीत. मी म्हटलं, "कुठे आहेस?" तर दचकली. मग खेकडा धक्क्यावर बसून कॅमेरा धूत होता, त्याच्याकडे गेली. बराच वेळ बोलत होती. मी गेलो तेव्हा दोघंही गप्प झाली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

७ मार्च

आज कमाल झाली. ताई पाण्यात उतरली आणि उजवीकडे वळून, भिंतीला हात लावत लावत, दुसऱ्या कपारीपाशी सरळ जाऊन थांबली, जणू तिथे पत्ता लिहिला होता. बोट दाखवलं. स्पंजाच्या आत केसाळ, गुलाबी, माझ्या नखापेक्षा लहान खेकडा. खराखुरा! मग तिथून खाली, मोठ्या दगडाला वळसा, आणि शेवाळावर दोन गोगलगायी, अंगावर जांभळे तुरे. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटलो.

वर आल्यावर तिला मिठीच मारली. "दुर्बीण पुन्हा सुरू झाली!" म्हटलं. तीही खूश होती.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत खेकड्याच्या कॅमेऱ्यावर सहज नजर गेली. तोच गुलाबी केसाळ. त्याच दोन गोगलगायी. फोटो कालचे.

म्हणजे त्याने माझ्या आधी काढले. कसे? त्या जागा ताईलाच माहीत. गेल्या खेपेच्या तिच्या डोक्यात असणार. म्हणजे ताई आधी त्याला सांगते आणि मग मला दाखवते. मला शिळं!

८ मार्च

उगाच कुणावर आळ घ्यायला नको, म्हणून आज लक्ष ठेवलं.

नाश्त्यानंतर ताई आणि तो, बोटीच्या सावलीत. त्याने ताईचा हात हातात घेतला होता. तळवा उघडा, आणि त्यावर तो बोटाने हळूहळू काहीतरी गिरवत होता. ताईने डोळे मिटले होते. डोळे! मिटले होते! मग तिनेच स्वतःच्या बोटाने आपल्या तळव्यावर तसंच गिरवून दाखवलं आणि दोघं हसली.

आता काय बोलावं? ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकटी आहे, हसावं-बोलावं तिने, माझी काही ना नाही. पण मग सरळ सांगावं. आणि तो माणूस खरंच तिच्यासाठी घुटमळतोय, की माझ्या समुद्रघोड्यासाठी?

डाइव्ह छान झाला. नखाएवढा पिवळा बेडूकमासा मिळाला, स्पंजाच्या तुकड्यासारखा बसलेला. मला आनंद झाला नाही. तो खेकडा आमच्या मागेमागेच होता. दर थोड्या वेळाने ताईजवळ यायचा, सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारं तिचं गेज हातात घ्यायचा, बघायचा, बोटांनी खूण करायचा. इतकी जवळीक?

१० मार्च

बायकोचा फोन. तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल, पण हसली नाही. म्हणाली, "मागच्या महिन्यात ताई मला बाजारात दिसल्या. मी समोर उभी, हात केला, तर माझ्याकडे बघत बघत निघून गेल्या. मी तेव्हा तुला बोलले नाही. तू नीट बोल त्यांच्याशी. काहीतरी आहे."

काहीतरी आहे हे मीच तर सांगतोय! आता बायकोलाही ओळख दाखवत नाही म्हणजे प्रकरण जुनं आहे. आमच्यापासून तुटायचंच ठरवलंय तिने.

११ मार्च

शेवटी विचारलं. ती खोलीच्या दाराशी बसून पायात घालायच्या फिनचा पट्टा चाचपत होती.

"ताई, त्या माणसाचं आणि तुझं काय चाललंय?"

"काय चालायचंय? गप्पा मारतो आम्ही."

"माझ्या जागा तू त्याला सांगतेस?"

ती एवढ्या जोरात हसली की मला रागच आला. "मी त्याला? नाही रे बारक्या."

"मग माझ्याकडे बघून सांग."

तिने मान वर केली, पण बघितलं कुठे, तर माझ्या कानाच्या पलीकडे, भिंतीवर. "बघितलं," म्हणाली.

"माझ्याकडे, ताई. डोळ्याला डोळा देऊन."

मान थोडी वाकडी केली, कोंबडी दाणा बघताना करते तशी, आणि पुन्हा बाजूलाच बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं मुखपृष्ठ होऊ दे. मग सगळं सांगते. वचन."

मुखपृष्ठ झाल्यावर सांगायचं असं काय असतं? आयुष्यात पहिल्यांदा ताई माझ्याशी तोंडावर खोटं बोलली.

१२ मार्च

कप्तानला भेटलो. कप्तान म्हणजे सेंटरची मालकीण, बोटही तीच चालवते, म्हणून सगळे तिला कप्तान म्हणतात. तिला म्हटलं, उद्या आम्ही दोघंच भिंतीवर जाणार, दुसरं कुणी नको, पुस्तकाचं काम आहे. ती म्हणाली, "भावंडं अनुभवी आहात, जा. बाकीच्यांना मी उथळ बाजूला सोडते."

खेकड्याला कळल्यावर तो माझ्या खोलीवर आला. उभाच राहिला.

"बाईंबरोबर मी असलेला बरा."

"का? मी तिचा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगतो. निदान त्यांच्या गेजकडे लक्ष ठेवा. मधून मधून."

"तिला डाइव्हिंग मी शिकायला लावलं," मी म्हटलं. "गेज कसं बघायचं ते तुम्ही आम्हाला सांगू नका."

तो काहीतरी बोलणार होता. शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघून थांबला. "मी शब्द दिलाय," एवढंच पुटपुटला आणि गेला.

शब्द दिलाय! कुणाला, कशाचा? माझा संशय खरा ठरल्याचं समाधान वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

१३ मार्च

अक्षर लागलं नाही तरी चालेल, लिहितो.

सकाळी उतरलो. पंचवीस मीटर खोलीवर पंखे आहेत, माणसाएवढे मोठे, लालसर. ताई भिंतीला हात लावत हळूहळू निघाली. पहिल्या पंख्यापाशी थांबली, मग पुढे गेली, मग परत आली. बोट दाखवलं. मी भिंग लावून बघितलं, काही नाही. दुसरीकडे बोट दाखवलं, काही नाही. तिसऱ्यांदा तर फांदीच्या मोकळ्या टोकाकडे दाखवलं.

माझं डोकं फिरलं. वाटलं, खेकडा बरोबर नाही म्हणून ही मुद्दाम करतेय. मी तिला हाताने "पुरे" केलं आणि पाठ फिरवून एकटाच पुढच्या पंख्याकडे गेलो. माझा मी शोधीन. एकेक फांदी बघत बसलो, किती वेळ कोण जाणे. रागात वेळ समजत नाही.

मागे वळून बघितलं तर ती होती तिथेच होती, पण बुडबुडे फार. एकामागून एक, दम लागल्यासारखे. तिने गेज हातात धरलं होतं, अगदी मास्कला टेकवून. मान वाकडी, मग दुसऱ्या बाजूला वाकडी. मग तिने गेजवरून अंगठा फिरवला, आंधळं माणूस नाण्यावरून फिरवतं तसा.

ते बघितलं आणि मला काहीही न कळता सगळं कळलं.

तिच्याकडे पोचेपर्यंत तिने गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपली. मी माझी पिवळी जादा नळी काढून तिच्या तोंडाशी नेली, तर तिचा हात ती शोधायला भलतीकडेच गेला. मीच तिच्या तोंडात घातली. तिने ओढून श्वास घेतला, माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मी तिचं गेज उचललं. काटा लाल पट्ट्याच्या तळाशी टेकला होता.

हळूहळू वर आलो. घाई करून चालत नाही. अंगात भिनलेला वायू निघून जायला पाच मीटरवर थांबावं लागतं, थांबलो. पाण्यात, समोरासमोर, एका सिलिंडरवर दोघं. माझा काटाही उतरत होता. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्या कानाच्या पलीकडे बघत होती. मग तिने मास्कवरून, गालावरून हात फिरवून माझा चेहरा चाचपला, मी तिथे आहे ना हे बघायला.

कॅमेरा कुठे सोडला हे बोटीवर चढल्यावर आठवलं.

१४ मार्च

काल दुपारी ताई झोपली. आज सकाळी बोललो. लिहून ठेवतो, नाहीतर नंतर मी मला सोयीचं आठवीन.

"कधीपासून?"

"लॅब सोडायच्या आधीपासून. स्लाइडच्या मधोमध एक डाग दिसायला लागला. वाटलं, काच खराब आहे. काच बदलली. मग सूक्ष्मदर्शक बदललं. डाग आपला माझ्याबरोबर आला." हे ती हसतच सांगत होती. "आता मधलं सगळं गेलंय. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नसतोस. बाजूला बघितलं की तुझा कान दिसतो. डॉक्टर म्हणतात, कडा राहतील. कदाचित."

"आणि तो माणूस?"

"पहिल्याच दिवशी ओळखलं त्याने. मला फोटो दाखवला आणि मी 'वा, सुरेख' म्हटलं. स्क्रीन बंद होता." मग म्हणाली, "मी त्याच्या पाया पडायची बाकी ठेवली होती. तो आदल्या दिवशी जाऊन शोधायचा आणि मला तळव्यावर नकाशा काढून द्यायचा. उजवीकडून किती कपारी, दगड कुठे, पंखा कुठला. मी घोकायचे. समुद्रघोडा अजून त्यालाही मिळाला नव्हता, म्हणून काल माझी फजिती झाली."

म्हणजे ती त्याला माझ्या जागा देत नव्हती. तो आपल्या जागा तिला देत होता, मला द्यायला.

"अगं पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस मला?"

"अर्थात" म्हणायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. ती वाट बघत होती, मान वाकडी करून.

"वर्षभर तुझा फोन येत नाही, बारक्या. येतो तेव्हा 'ताई, तारीख ठरली, तयार राहा.' मी काय म्हणणार होते? दुर्बीण फुटली म्हणून?"

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. ती मागून म्हणाली, "रडतोयस का? मला दिसत नाही, सांगावं लागेल."

मी म्हटलं, "हो."

दुपारी कप्तानने आम्हा तिघांना समोर उभं करून झाडलं. मी तिला इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. ताईला म्हणाली, "ज्याला गेज वाचता येत नाही त्याला मी पाण्यात सोडत नाही. तुम्ही मेला असता आणि यालाही घेऊन गेला असता." खेकड्याला म्हणाली, "तुमचा शब्द घाला चुलीत. मला का नाही सांगितलंत?" माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही तर शेजारी होतात."

ताईचं डाइव्हिंग बंद. तिने खोलीत जाऊन सूट धुतला, नीट उलटा करून वाळत घातला.

१६ मार्च

त्याने माझा कॅमेरा वर आणून दिला. पंख्याखालच्या कपारीत अडकला होता. बाहेरच्या काचेला ओरखडा आहे, बाकी ठीक. मी आभार मानले, माफीही मागितली, तीही धड जमली नाही. तो म्हणाला, "तुमच्या जागी मीही तोच निष्कर्ष काढला असता. पुरावे तसेच होते." मग विचारलं, "उद्या बरोबर येऊ का?" मी म्हटलं, "या. पण शोधू नका. मला शोधू द्या."

ताई घरी परत जाऊ या म्हणत होती. मग म्हणाली, "नको, मुखपृष्ठ घेऊनच जाऊ. मी बोटीवर बसते." कप्तानने तिला सुकाणूजवळची खुर्ची दिली. त्या दोघींचं आता बरं जमतंय. दोघी मिळून माझ्याबद्दल बोलतात.

१८ मार्च

सापडला!

माझा मी शोधला. दोन डाइव्ह रिकामे गेल्यावर आज, त्याच पंख्यावर. भिंगातून एकेक फांदी बघत होतो आणि एका फांदीवर हा पुळ्यापुळ्यांचा, गुलाबी, मान वाकवलेला. मी श्वास रोखला (रोखू नये, माहीत आहे). खेकडा लांब पाण्यात तरंगत होता, दिलेल्या शब्दाप्रमाणे इकडे बघतही नव्हता. हवा परवानगी देईल तेवढे फोटो काढले आणि वर येऊन बोटीची शिडी चढायच्या आतच ओरडलो.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला कॅमेरा जोडला. कप्तान आली, खेकडा आला. ताईला मी टीव्हीसमोर अगदी जवळ उभी केली. तांदळाचा दाणा आता उशीएवढा झाला होता. ती मान इकडे करून बघत राहिली, मग तिकडे करून.

मला अचानक शंका आली, ती खरंच बघतेय की माझं मन राखायला उभी आहे. म्हटलं, "ताई, दिसत नसेल तर सांग. आता खोटं नको."

"बारक्या," ती म्हणाली, "हा समुद्रघोडा नाही."

"काय?"

"पंख्याचीच फांदी आहे ती. त्यावर पंख्याचेच जीव मिटून बसलेत, कळ्यांसारखे. तू कळ्यांचे फोटो काढून आलायस."

मी खेकड्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. कप्तान खोकल्याचं निमित्त करून उठली. ताईला हसू आवरेना. ती खुर्चीची पाठ धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला राग यायला हवा होता, तोही येईना.

हसून झाल्यावर ती पुन्हा टीव्हीकडे वळली. या वेळी फोटोच्या मधोमध बघितलं, सरळ, जिथे तिला काहीच दिसत नाही तिथे. तशीच थांबली.

"मग हा कोपऱ्यातला कोण?"

"कुठला कोपरा?"

"खाली. डावीकडे."

मी तो कोपरा मोठा केला. धूसर होता, फोकसच्या बाहेर, अर्धा फोटोच्या कडेला कापला गेलेला. पण शेपूट फांदीला गुंडाळलेली होती, तोंड आखूड, आणि एक काळा ठिपक्याएवढा डोळा थेट माझ्या भिंगाकडे बघत होता.

"पोट बघ केवढं आलंय," ताई म्हणाली. "नर आहे. त्यांच्यात नरच पिल्लं पोटात वागवतात. दिवस भरत आलेत त्याचे."

खेकडा उठून टीव्हीजवळ आला आणि नुसता बघत राहिला. कप्तानने लगेच उद्याच्या भरतीची वेळ पाहिली. मी ताईचा हात हातात घेतला, तळवा उघडला आणि म्हटलं, "पंखा कसा आहे मी काढतो. तो कुठे बसलाय ते तू दाखव."

तिने माझं बोट धरलं, तळव्याच्या अगदी कडेला नेलं, आणि तिथे दाबलं.